खिशाचं पांढरं

पांढरं कशाला म्हणायचं, हे सबीहाला कोणी शिकवायला जाऊ नये, असं तिचं ठाम मत होतं. तशी तिची सगळीच मतं ठाम असत आणि ती दुसऱ्याच्या कानावर घातल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. पण या एका बाबतीत गावानेही तिचा मान राखला होता.

गाव संग्रामपूर तालुक्यातलं, खारपाण पट्ट्यातलं. इथलं बोअरचं पाणी तोंडात घेतलं की थुंकावं लागतं, आणि त्यात पांढरा कपडा चारदा धुतला की तो चहात बुडवून काढल्यासारखा दिसतो. म्हणून इथल्या घरात एक वेळ साखर संपलेली चालते, नीळ संपलेली चालत नाही. सबीहाने नीळ दिलेला नौशादचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, कुर्ता ईदगाहच्या रांगेत लांबून ओळखू यायचा. शेजारपाजारच्या बायका लग्नाकार्याचे सदरे आणि धोतरं तिच्याकडे आणून टाकायच्या. ती ते लख्ख करून द्यायची आणि वर फुकट दोन शब्द ऐकवायची, की धुता येत नाही तर पांढरं घालता कशाला. बायका ऐकून घ्यायच्या, कारण तिचा हात खरोखर चांगला होता.

त्यामुळे गावात जीन्स धुण्याचं युनिट आलं तेव्हा तपासणीच्या टेबलामागची खुर्ची सबीहाकडे आली, यात नवल नव्हतं. नवल त्या युनिटचंच होतं. कापूसवाल्या जिल्ह्यांचं दुःख हलकं करायला सरकारने कसलंसं पॅकेज काढलं आणि त्यातून अर्जुनरावांनी महिलांची संस्था काढली. संस्थेत महिला चाळीस, अध्यक्ष अर्जुनराव. ‘कापसापासून कपड्यापर्यंत’ अशी भली मोठी पाटी रस्त्याला लागली. खरं म्हणजे गावचा कापूस ट्रकमधून जायचा तो जायचाच. त्याचं सूत कुठे, कापड कुठे, शिलाई कुठे. शेवटी पुण्याच्या एका कंपनीकडून शिवलेल्या नव्याकोऱ्या जीन्स टेम्पोने गावात यायच्या, आणि कशासाठी, तर जुन्या करायला.

“नवा कपडा जुना करायले मानूस ठेवा लागते का?” सबीहाने पहिल्याच दिवशी विचारलं. “आमच्या घरी तर तो आपल्या आपनच होते.”

चाळीस बायका हसल्या. भालचंद्र सर हसले नाहीत, कारण तो प्रश्न त्यांना होता आणि त्याचं उत्तर त्यांनी रात्री वहीत लिहून आणलं होतं. भालचंद्र सर शेगावच्या शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. रोज एसटीने यायचे, दोन डब्यांतला एक डबा नेहमी घरी विसरायचे. गावात आणि आसपास रसायनशास्त्राची पदवी असलेला रिकामा माणूस तोच सापडला म्हणून अर्जुनरावांनी त्यांना धुलाईचे प्रमुख केलं होतं. माणूस सज्जन. पण चाळीस वर्षं वर्गात जे झालं तेच इथेही झालं. ते बोलायला लागले की समोरचे आपापसात बोलायला लागत.

सरांनी निळ्या कॅनमधलं औषध दाखवलं. याला एन्झाइम म्हणतात, ते म्हणाले. गरम पाण्यात जीन्स टाकायच्या, थोडं आम्ल घालून पाणी आंबट करायचं आणि हे सोडायचं. हे सुताचं वरचं अंग हळूहळू खातं. सूत झिजलं की त्याच्यावरचा निळा रंग सुटतो आणि कपडा वापरल्यासारखा फिकट दिसतो.

“म्हंजे हे कापूस खाते?” रुक्मिणीबाईने विचारलं. ती तपासणीच्या टेबलावर सबीहाच्या शेजारी बसायची आणि सकाळचा कापूस वेचून थेट कामावर यायची.

“तसं म्हणायला हरकत नाही.”

“मंग अळीच म्हना ना.”

ते साल गुलाबी बोंडअळीचं होतं. बियाण्याच्या पाकिटावर छापून आलं होतं की या कपाशीला अळी तोंड लावणार नाही, आणि अळीला वाचता येत नसल्यामुळे तिने तालुक्यातलं एक शेत सोडलं नव्हतं. वर बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी किडा आणि सडलेली पिवळी सरकी. अशा साली पैसे मोजून कॅनमधून अळी विकत आणायची आणि कापसावर सोडायची, हा विनोद बायकांना फार आवडला. त्या दिवसापासून एन्झाइमचं नाव अळी पडलं. “सर, अळी सोडली का?” “सर, अळी उपाशी आहे आज.” सर बिचारे आधी दुरुस्त करायचे, मग स्वतःच अळी म्हणायला लागले.

पहिला लॉट निघाला आणि टेबलावर आला. सबीहाने एक जीन्स उचलली, खिसा बाहेर काढला आणि तिचा चेहरा उजळला. खिशाचं अस्तर पांढऱ्या कापडाचं होतं. कंपनीने नमुना म्हणून पाठवलेल्या जीन्सचं अस्तर नुसतंच पांढरं होतं, सपक, दुधाच्या पाण्यासारखं. तो नमुना पाहून सबीहाने तेव्हाच नाक मुरडलं होतं, की पुण्याच्या बायकांना धुणं येत नाही हे आपल्याला ठाऊकच होतं. आणि आता मशीनमधून निघालेलं हे अस्तर पाहा. निळसर, थंड, झकास. नीळ द्यायचे कष्ट न घेता नीळ लागलेली.

“मशीनले आपल्यापेक्षा जास्त समजते,” ती रुक्मिणीबाईला म्हणाली, आणि तिच्या तोंडून एवढी स्तुती म्हणजे फार झालं.

तिने कंपनीचा नमुना टेबलामागच्या खिळ्याला टांगला. नव्या पोरी कामाला आल्या की ती बोट दाखवून सांगायची, “हे असं धुवाचं नाई.” लॉटमधल्या काही जीन्सचे खिसे नमुन्यासारखे साधे पांढरे निघायचे. त्या ती पिवळट म्हणून बाजूला काढायची आणि पुन्हा मशीनकडे पाठवायची. तिथे त्या पुढच्या लॉटच्या पाण्यात पडायच्या आणि निळ्या होऊन परत यायच्या. मग ती समाधानाने अस्तराच्या कोपऱ्यावर पास म्हणून आपला ‘स’ लिहायची. तो मार्कर खास होता, धुतला तरी जायचा नाही.

तिसऱ्या लॉटला भालचंद्र सर टेबलापाशी आले. हातात एक जीन्स, चेहरा पडलेला.

“सबीहाताई, तसं पाहिलं तर ही नीळ नाही,” ते म्हणाले. “हा जीन्सचाच सुटलेला रंग आहे. पाण्यात आला, पाणी वेळेवर सोडलं नाही, मग तोच रंग पांढऱ्यावर जाऊन बसला. हा दोष आहे.”

“दोष कोनाचा? तुमचा का माह्या?”

“दोष पाण्याचा आहे. आपलं पाणी खारं, त्यात आम्ल मरतं. आम्ल मेलं की अळी मंदावते, म्हणून मी वेळ वाढवतो. वेळ वाढला की रंग जास्त सुटतो. त्यात वीज जाते. मशीन थांबतं आणि कपडे तासभर त्याच निळ्या पाण्यात पडून राहतात. आपण असं करू. गोड्या पाण्याचे दोन टँकर जास्त मागवू, पाणी गरम आहे तोवरच सोडून देऊ, साबण घालू आणि दोनदा खंगाळू. वीज गेली तर बादल्यांनी उपसू.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दोनदा खंगाळणं म्हणजे रोजचा एक तास वाढला, आणि बादल्यांनी उपसणार कोण, हेही सर्वांना कळलं.

“सर,” सबीहा म्हणाली, “तुमचा सदरा कोन धुते?”

“घरीच. का?”

“काई नाई. थो पाहूनच समजलं का पांढऱ्याचं तुमाले किती समजते ते.”

सरांचा सदरा खरंच पिवळट होता. हशा झाला. सर जीन्सची घडी घालत मशीनकडे गेले. सबीहाला त्यांची कीव आली नाही. कीव करण्याइतका वेळ तिच्यापाशी कधीच नसे.

तरी सरांनी हिंमत करून अर्जुनरावांना बोलावलं. अर्जुनराव आले ते नेहमीसारखे, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. कपडे पांढरे म्हणायचे एवढंच. नीळ इतकी की उन्हात उभे राहिले तर माणूस कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळू नये. त्यांनी एक खिसा ओढला, आपल्या बाहीला लावला आणि डोळे बारीक करून पाहिलं.

“माह्या सदऱ्यासारखं तर आहे,” ते म्हणाले. “याच्यापेक्षा पांढरं अजून काय असते, मास्तर? आन टँकर काय माह्या खिशातून आनू का?”

झालं. प्रश्न सुटला. अकराशे जीन्स अशाच धुतल्या गेल्या, आणि एकेका खिशावर सबीहाचा ‘स’ बसला.

आता एवढी हुशार बाई एवढी आंधळी कशी, असं कोणी म्हणेल. तर त्याचं कारण नुसती नीळ नव्हती. दिवाळी झाल्यावर नौशादने पहिला कापूस बाजारात नेला तेव्हा सबीहा सोबत गेली होती. व्यापाऱ्याने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस वर काढला, पाहिलासुद्धा नाही आणि म्हणाला, कवडी. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. सबीहाने तिथेच पोतं उलटं केलं. तिने आणि तिच्या लेकीने, उमैमाने, तो कापूस घरी बसून बोंड-बोंड निवडला होता. “दाखवा कुठं हाये कवडी,” ती म्हणाली. व्यापाऱ्याने ढिगातून शोधून शोधून तीन पाकळ्या काढल्या, तिच्या हातावर ठेवल्या आणि भाव पाडला तो पाडलाच. नौशाद तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेला. त्या दिवशी सबीहाच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. ज्याला भाव पाडायचा असतो तो पांढऱ्याला नाव ठेवतो. यापलीकडे पांढऱ्याला नाव ठेवायचं दुसरं कारण असू शकतं, हे मान्य करायला ती तयार नव्हती. भालचंद्र सरांनी नाव ठेवलं तेव्हाही तिला वाटलं, यांचा काहीतरी डाव असणार. नाहीतर सरांसारख्या माणसाला डाव खेळता येत नाही हे तिच्या ध्यानात यायला हरकत नव्हती.

जानेवारीत पुण्याहून प्रतिमा मॅडम माल पाहायला आल्या. वय तिशीच्या आत-बाहेर, अंगात जीन्स, गळ्यात खादीचा स्टोल. गाडीतून उतरल्या तेव्हापासून त्यांच्या चेहऱ्यावर एक हळवं हसू होतं, दवाखान्यात कोणाला भेटायला गेल्यावर ठेवतात तसं. अर्जुनरावांनी शाल आणि नारळ दिला. बायकांनी गाणं म्हटलं. मग मॅडम टेबलापाशी बसल्या, वरची जीन्स घेतली, खिसा बाहेर काढला, आणि हसू गेलं. दुसरी घेतली. तिसरी ढिगाच्या मधून काढली, चौथी तळातून.

“हे तर सगळं बॅक स्टेनिंग आहे,” त्या म्हणाल्या. “सुटलेला रंग पांढऱ्यावर बसला आहे. सगळ्याच अशा आहेत का?”

मागे उभ्या असलेल्या भालचंद्र सरांनी मान खाली घातली. सबीहाने मात्र मान वर केली.

“मॅडम, भाव पाडाचा असंन तर सरळ सांगा. पांढऱ्याले काऊन नाव ठेवून राह्यल्या?”

“भाव तर करारातच ठरलाय, ताई,” प्रतिमा मॅडम म्हणाल्या. “तो कमी-जास्त करणं माझ्या हातात नाही. मी फक्त पास किंवा नापास एवढंच लिहिते. आणि नापास लिहिलं तर तोटा आमचाही आहे, दुकानांना तारीख दिलीय.”

भाव पाडायचा नाही, तोटा स्वतःचाही, आणि तरी पांढऱ्याला नाव. हे सबीहाच्या हिशेबात बसेना. तेव्हा तिने तिच्या मते शेवटचं पान टाकलं.

“कापसाहून पांढरं काई असते का?” तिने विचारलं.

“नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मंग पाहा.” तिने रुक्मिणीबाईच्या कमरेची ओटी ओढली. सकाळी वेचलेला कापूस त्या ओटीत तसाच होता. त्यातली अळी न लागलेली, टपोरी, स्वच्छ अशी एक पाकळी तिने निवडली, सरकी उपटून टाकली, कापूस बोटांनी फुलवला आणि खिशाच्या अस्तरावर मधोमध ठेवला. सगळ्या बायका पुढे झुकल्या. सबीहा मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मॅडमची नजर खिशावरून हलेना, तेव्हा तिने खाली पाहिलं.

कापूस पांढरा होता. खिसा निळा होता. निळसर नव्हे, चांगला आभाळाच्या रंगाचा निळा.

तिने ती जीन्स उचलून दारात उजेडाला नेली. तिथेही तेच. दुसरी नेली. मग खिळ्यावरचा कंपनीचा नमुना काढला आणि त्याच्या खिशावर तोच कापूस ठेवला. कापूस दिसेनासा झाला, इतका त्या अस्तराच्या रंगात मिसळला. वीस वर्षं तिने या गावाला निळं धुऊन दिलं होतं आणि सगळ्या गावाने त्याला पांढरं म्हणून घातलं होतं. दारात उभ्या असलेल्या अर्जुनरावांकडे तिची नजर गेली, तर ते आख्खे निळे दिसत होते.

अर्जुनरावांना मात्र पुढची वाट दिसली होती. असल्या वाटा त्यांना इतरांच्या आधी दिसतात, म्हणून तर ते अध्यक्ष. ते पुढे आले, आवाज खाली आणला आणि सभेतली मराठी काढली.

“मॅडम, माझी हात जोडून विनंती आहे. या अडाणी भगिनी आहेत. ज्यांच्या डोळ्यांतलं पाणी खळत नाही, त्यांना निळं काय आणि पांढरं काय. आपला जिल्हा आत्महत्याग्रस्त आहे. कापूस गेला, घर गेलं. या हातांना काम मिळालं म्हणून त्या आज जगताहेत. समजून घ्या.”

रुक्मिणीबाईचं घर कुठे गेलं नव्हतं, ते शाळेच्या मागे होतं. नौशाद तर त्या घटकेला पारावर बसून तंबाखू मळत असेल. पण बायका शहाण्या होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. प्रतिमा मॅडमच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यांनी पिशवीतून एक छापील कार्ड काढलं. प्रत्येक जीन्सला दुकानात हे कार्ड लागणार होतं. त्यांनी ते वाचून दाखवलं. ‘या जीन्सला विदर्भातल्या दुःखी शेतकरी भगिनींच्या हातांचा स्पर्श झाला आहे.’

“याच्याखाली एक ओळ वाढवता येईल,” त्या म्हणाल्या. “रंगात काही उणंअधिक दिसलं तर ती त्यांच्या संघर्षाची खूण समजावी, अशी काहीतरी. आमचं गिऱ्हाईक संवेदनशील आहे. उलट आवडीने घेतील. फक्त मला कारण लिहावं लागेल.”

त्यांनी फॉर्मवर लिहायला घेतलं. आख्ख्या शेडमध्ये सुटकेचा श्वास पसरला. अकराशे जीन्स पास होणार, मजुरी मिळणार, सबीहाची खुर्ची सबीहाकडे राहणार. सबीहाने फॉर्म उलट्या बाजूने वाचला. सातवीपर्यंतचं शिक्षण तेवढ्याला पुरेसं होतं. लिहिलं होतं, ‘तपासनीस महिलांना रंगाची जाण नाही.’

“हे खोडा,” ती म्हणाली.

“ताई, हे फक्त ऑफिससाठी आहे. तुमच्यावर काही येणार नाही.”

“माह्यावर येऊ द्या. मले जान नाई असं लिहू नका. मले जान हाये. मी चुकली. लिहा, तपासनारीनं चूक केली.”

“पण त्यात फरक काय?”

“चुकायले अक्कल लागते, मॅडम. जिले जानच नाई थे कायची चुकते? सरांनी मले आधीच सांगतलं, मी त्याईच्या सदऱ्यावर हसली. थे बी लिहा.”

अर्जुनराव तिच्या कानाशी आले. “भाभी, माल पास होऊन राह्यला. चूप बसा. बोलसान तर खुर्ची जाईन, सांगून ठेवतो.”

“हाव, जाऊ द्या,” सबीहा म्हणाली. तिला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला होता. मॅडमच्या ओल्या डोळ्यांचा, अर्जुनरावांच्या जोडलेल्या हातांचा, माना खाली घातलेल्या बायकांचा. व्यापाऱ्याने कवडी म्हटलं तेव्हा निदान तो तिच्याशी भांडला होता. इथे तिला भांडायच्याही लायकीचं कोणी समजत नव्हतं. तिने फॉर्म ओढून घेतला, आपल्या हाताने ती ओळ खोडली आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘नापास. पुन्हा धुवावे.’ मग सही केली, पूर्ण नावाची.

मॅडमनी दहा दिवसांची मुदत दिली. त्या दहा दिवसांत सबीहाशी एकही बाई बोलली नाही. पुन्हा धुण्याची मजुरी नव्हती, आणि वीज गेली की बादल्यांनी उपसणं होतंच. रुक्मिणीबाईने तर तोंड फिरवलं ते फिरवलंच. टँकर भालचंद्र सरांनी कुठून आणि कसे आणले, ते त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सबीहा मशीनपाशी गेली आणि ते आता काय सुनावतात याची वाट पाहत उभी राहिली. आपण त्यांच्या जागी असतो तर जन्मभर सुनावलं असतं, हे तिला माहीत होतं.

“हे पाणी थंड व्हायच्या आत सोडायचं,” सर म्हणाले. “तो व्हॉल्व्ह तुम्ही धरा, मला वाकवत नाही.”

तिने व्हॉल्व्ह धरला. सुनावलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

साबण, गरम पाणी, किंचित ब्लीच, दोनदा खंगाळणं. अकराशेपैकी सातशे निघाल्या, खिसे कापसासारखे. उरलेल्या चारशेंचा निळा काही केल्या हटेना. वाळून बसलेला रंग आता सुटणार नाही, जास्त घासलं तर जीन्स फाटतील, सर म्हणाले. सबीहा शेवटचं त्या खुर्चीवर बसली. एकेक जीन्स कापसाशी ताडून पाहिली. सातशेंवर ‘पास’ लिहिलं. चारशेंच्या खिशाच्या आत, अस्तराच्या मधोमध, त्याच न जाणाऱ्या मार्करने लिहिलं, ‘नापास’. खाली सही, सबीहा नौशाद. एकही सुटली नाही. दुपारी चारला ती उठली, आणि अर्जुनरावांनी खुर्चीवर रुक्मिणीबाईला बसवलं.

कंपनीने सातशे नेल्या. पंधरा दिवसांनी अर्जुनराव पुण्याला जाऊन आले आणि उरलेल्या चारशेही गेल्या. वाया कशाला घालवायच्या. नवं कार्ड छापून आलं होतं, जाड कागदाचं, सुतळीने बांधायचं, वाढवलेल्या ओळीसकट. बायकांनी ती चारशे कार्डं बांधली. जीन्सचा खिसा आतून पाहावा असं ना अर्जुनरावांना वाटलं, ना कंपनीतल्या कोणाला. दुःखी भगिनींनी आत काही लिहिलं असेल ही शंका कोणाला यायची?

तेव्हा आज पुण्या-मुंबईत चारशे संवेदनशील माणसं त्या जीन्स घालून हिंडत असणार. कार्ड त्यांनी जपून ठेवलं असेल, किंवा आलेल्या पाहुण्यांना दाखवलं असेल. कधीतरी सुट्टे पैसे काढताना खिसा उलटा होईल आणि संघर्षाच्या त्या खुणेवर धुऊनही न गेलेला, सहीनिशी दिलेला सबीहाचा शेरा वाचायला मिळेल.